पहिला अर्धा तास

न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. वर्तमानपत्र उघडून बसलेल्या त्याचं त्या ठिबकण्याकडे अर्धं लक्ष होतं. घरातल्या आजाऱ्याच्या कण्हण्याकडे असतं तसं, ऐकू येतं पण उठवत नाही. थेंब, मग गप्प. थेंब, मग गप्प. समोर त्याची बायको मटार सोलत बसली होती. तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, नळ पिरगाळून घट्ट केला आणि परत येऊन ताट पुन्हा मांडीवर घेतलं. शेंग फुटली, दाणे ताटात टपटपले. त्याच्या हातातलं पान उलटता उलटता राहिलं. बाजारातल्या स्फोटात तिच्या दोन्ही कानांचे पडदे फाटले होते. येईल हळूहळू ऐकू, घाई करू नका, आलं की त्या स्वतःच सांगतील, असं कानाचे डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घर हातवाऱ्यांवर चाललं होतं. चहा म्हणजे कपाचा कान धरल्यासारखी बोटं, औषध म्हणजे तळहातावर टिचकी, झोप म्हणजे गालाखाली हात. आणि आता ही बाई बसल्या जागेवरून आतल्या नळाचा थेंब ऐकून उठली होती, आणि उठली हे तिला स्वतःला कळलंही नव्हतं. किंवा कळलं होतं, आणि लपवायचा कंटाळा आला होता.

चाळीस वर्षं तो पुराव्यांवर जगला होता. पडलेल्या भिंतीचा कल पाहून तो सांगायचा, सामान कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं. काचेचा चुरा रस्त्याच्या कुठल्या अंगाला जास्त, यावरून त्यानं एक अख्खा लेख लिहिला होता. मग हे कसं सुटलं त्याच्या नजरेतून? तो मागे मागे जाऊ लागला, पायरी पायरी चाचपत. परवा कुकरची शिट्टी झाली आणि तिनं गॅस बारीक केला, तेव्हा त्याला वाटलं वाफ दिसली असेल. त्याआधी एकदा दाराची बेल वाजली आणि तिची मान किंचित, अगदी किंचित, हलली होती. त्याआधी? त्यानं वर्तमानपत्र मिटलं. कारण या दिवसांत तो तिच्या पाठीशी बोलला होता. ती भांडी विसळत असताना, केस विंचरत असताना, खिडकीतून खाली बघत असताना, तिच्या मागे उभा राहून तो बोलायचा, माणूस झाडाशी बोलतो तसा, कारण झाड काही म्हणत नाही. मला माहीत होतं गं, तो तुझाच फोन होता. असं एकदा म्हणाला होता. दुसऱ्या खेपेला म्हणाला, घरात दुसरं होतंच कोण फोन करायला? आणि एका सकाळी, ती कपडे वाळत घालत असताना, फार हळू म्हणाला होता, चुकलो म्हणावं तर जीभ उचलत नाही, कारण मी चुकलो नाही. तेव्हा तिनं उशीचा अभ्रा झटकला होता, जरा जास्तच जोरात, आणि पाण्याचे शिंतोडे त्याच्या चष्म्यावर उडाले होते. तो हसला होता. तिला कळलंच नाही मी मागे आहे, असं वाटून हसला होता.

पूर्वी हे घर बोलकं होतं. बोलकी ती होती; तो ऐकणारा, तेही अर्ध्या कानानं. पण तिच्या बोलण्यावर घर चालायचं. तिच्या आईकडून आलेला नाद होता तिला, कशालाही दोन ओळी जोडायच्या, काम करता करता, सुरावर. त्याचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ते हातात धरून ती स्वयंपाकघरातून गात बाहेर आली होती,

दादला माझा बाई, कागदावर करी स्वारी
शाईच्या दौतीत गं, बुडवितो तलवारी

आणि तो चिडला होता. खोटं खोटं नाही, खरंच चिडला होता, कारण नेमकं तिथंच दुखायचं. सैन्यात जायचं म्हणून तो विशीत रांगेत उभा राहिला होता, उघड्या अंगानं, आणि फीत धरणाऱ्या माणसानं त्याच्याकडे न बघताच म्हटलं होतं, छाती भरत नाही, पुढचा. त्या ‘पुढचा’नं तो जो बाहेर फेकला गेला तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, मुद्रितं तपासायला. तिथं एकदा एका बँकेत माणसं ओलीस धरली गेली आणि सैन्याच्या बातम्या लिहिणारा गृहस्थ तापानं फणफणलेला, म्हणून याला धाडलं. यानं सगळा दिवस दोरीच्या अलीकडे उभा राहून काढला आणि येऊन लिहिलं ते बँकेच्या दाराशी पडलेल्या चपलांवर. कुठली जोडी शेजारी शेजारी होती, कुठली एक इथं एक तिथं, आणि संध्याकाळी कोण कोण येऊन आपापली घालून गेलं, आणि कुठल्या उरल्या. संपादकानं वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, “लेका, रडवलंस. पण बंदूक कुठली होती ते लिहायचं राहिलं की!” कचेरी हसली. त्यानं ती गोष्ट मनाला लावून घेतली. पोरं पाढे पाठ करतात तशी त्यानं शस्त्रं पाठ केली; कुणाची नळी केवढी, कुणाचा पल्ला किती. निवृत्त सुभेदारांच्या ओसऱ्या झिजवल्या, अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळला. पुस्तकं आली, मग टीव्ही आला, मग सुरक्षा दलांच्या प्रबोधिनीतून व्याख्यानांची बोलावणी. सोसायटीत लोक त्याला जनरलसाहेब म्हणू लागले. वाहनतळावरून भांडण झालं की म्हणायचे, जनरलसाहेबांना बोलवा, ते वेढा घालतील. त्याच्या लिहिण्यात बंदुका नेमक्या होत गेल्या. चपला कधी निघून गेल्या ते त्याला आठवत नव्हतं. तिला आठवत असेल. ती प्रत्येक लेख आधी वाचायची.

आणि मग त्याच्या पुस्तकातलं ते प्रकरण, ज्यानं त्याचं नाव झालं: पहिला अर्धा तास. दहा वर्षं तो देशोदेशीचे अहवाल वाचत होता आणि त्याच्या ध्यानात आलं होतं की पहिला स्फोट माणसं मारण्यासाठी नसतोच मुळी, माणसं गोळा करण्यासाठी असतो. धावून येणारे, उचलणारे, आपलं माणूस शोधणारे. दुसरा त्यांच्यासाठी. आणि दुसरा बहुतेक वेळा फोनवर यायचा. म्हणून त्यानं लिहिलं की पहिल्या स्फोटानंतर त्या भागातले फोन ताबडतोब, कुणाचंही काहीही न ऐकता, बंद करावेत. ‘या अर्ध्या तासात प्रत्येक नातेवाईक हा शत्रूचा मदतनीस असतो.’ हे वाक्य त्याचं. प्रबोधिनीच्या भिंतीवर ते चौकटीत लावलं होतं. तिनं ते हस्तलिखितात वाचलं तेव्हा एवढंच विचारलं होतं, “प्रत्येक?” तो म्हणाला होता, “प्रत्येक.” मग तिनं कागद सारखे करून टेबलावर ठेवले होते.

त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, बाजारात जाते, तुमच्या कोटाची बाही शिंपीणबाईंकडून आखूड करून आणते, टीव्हीवर मनगट झाकलं जातं तुमचं, हात नसल्यासारखे दिसता. तो हसला. दुपारी त्याला स्टुडिओत बोलावणं होतं, दुसऱ्याच कुठल्या विषयावर, दुसऱ्याच कोटात. मेकअपवाली त्याच्या कपाळावर पावडर लावत असतानाच पडद्यावर लाल अक्षरं आली आणि सगळे धावायला लागले. बाजार. छताखालचा जुना बाजार. त्याला खुर्चीत बसवलं, कॉलरला माइक अडकवला, फोन नियमाप्रमाणे मेकअपवालीकडे ठेवून घेतला. निवेदिका विचारत होती, सर, या क्षणी सर्वांत आधी काय व्हायला हवं? आणि तेवढ्यात काचेपलीकडे मेकअपवाली उभी राहिली, त्याचा फोन उंच धरून. फोन उजळत होता, विझत होता, उजळत होता. तिच्या ओठांवर शब्द होता: घरून. बायकोचा नंबर त्यानं ‘घर’ म्हणूनच ठेवला होता. त्यानं पाहिलं. पुढचं सगळं त्यानं इतक्या वेळा उलगडून पाहिलं होतं की आता तिथल्या तिथं चिंध्या झाल्या होत्या. ती जिवंत आहे, हा पहिला विचार. फोन करते आहे म्हणजे जिवंत आहे. त्या आनंदाच्या पाठीवर बसूनच दुसरा विचार आला, म्हणजे फोन अजून चालू आहेत. अजून बंद केले नाहीत गाढवांनी! त्यानं काचेकडे पाहून हात केला, निवेदिकेकडे वळला आणि म्हणाला, “फोन. आधी फोन बंद करा. आत्ता, या क्षणी. कुणाचंही ऐकू नका.”

दाराची बेल वाजली. तिनं मटारचं ताट ठेवलं आणि ती उठली. आता तर लपवाछपवी उरलीच नव्हती.

दारात अधिकारी होता. प्रबोधिनीतला त्याचा जुना विद्यार्थी, आता शहराच्या सुरक्षेचा प्रमुख, साध्या कपड्यांत, हातात फळांची पिशवी. सज्जन माणूस. इतका सज्जन की बूट काढताना भिंतीला हात लागू नये म्हणून एका पायावर डगमगला.

“वहिनी, कशा आहात?” त्यानं मोठ्यानं विचारलं, बहिऱ्याशी बोलतात तसं, ओठ फाकवून.

“बरी आहे भाऊजी. ओरडू नका, शेजारी धावत येतील.”

अधिकारी थक्क झाला. “अरे! ऐकू यायला लागलं? सर, तुम्ही बोलला नाहीत!”

“त्यांना कुठं ठाऊक,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज. जरासा खरखरीत, पेटीतून काढलेल्या लोकरीसारखा. तो त्या आवाजाकडे कान लावून बसला. आपल्यासाठी नसलेल्या ताटाकडे बघत बसावं तसा. अधिकारी आनंदानं बोलत होता. दुसरा स्फोट व्हायचाच होता सर, जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाआड, फोन बांधलेला. बॉम्ब ठेवणाऱ्यांनी तो लावून लावून पाहिला, आपल्याकडे नोंद सापडली आहे, पण लागणार कुठून? तुम्ही बोललात तेव्हा माझा हात आदेशावर होता, वरून होय नाही चाललं होतं, मी टीव्ही पाहिला आणि सही ठोकली. त्या जिन्यावर तेव्हा शेदोनशे माणूस होतं. हे सगळं तो आधीही सांगून गेला होता, फोनवर, आणि तेव्हाही याला बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची किळस आली होती.

ती चहा घेऊन आली. अधिकारी चाचरत म्हणाला, “वहिनी, एक विचारू का? रागावणार नसाल तर. नव्या मुलांना शिकवताना आम्ही सगळं बाहेरून शिकवतो. आत अडकलेल्याला कसं असतं ते आम्हाला कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत तर…”

“सांगते की,” ती म्हणाली आणि वेताच्या मोड्यावर बसली, अधिकाऱ्याकडे तोंड करून. “आम्ही दोघीच होतो दुकानात. शिंपीणबाई आणि मी. ती यंत्रावर, मी स्टुलावर. तिचा टीव्ही भिंतीवर, नेहमी चालू, बघायची कोणी नाही. मग एकदम सगळं पांढरं झालं. आवाज मला आठवतच नाही भाऊजी. आवाज गेलाच. डोळे उघडले तर पुढचं छत खाली आलेलं, आणि बाई बसली होती तशीच, मांडीतून रक्त, काचेचा केवढा तुकडा. मी ओढणी बांधली, थांबेना. मला वाटलं ती गप्प आहे. ती ओरडत होती, मलाच ऐकू येत नव्हतं.”

“मदतीचा नंबर…”

“लावला. लागला की नाही कळणार कसं? पडद्यावरचं बघत होते नुसतं. आणि टीव्ही चालूच होता. एवढं सगळं पडलं, तो मेला पडला नाही. त्यावर दिसले की समोर.” तिनं नाव घेतलं नाही, हातही केला नाही, भुवई तेवढी त्याच्या दिशेला वळली. “मला इतकं हायसं वाटलं. म्हटलं, आता काय, आपला माणूस तिथंच बसलाय, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा. म्हणून ह्यांना लावला. मला ऐकू आलं नसतं, पण बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं. दुकानाला मागच्या गल्लीत शटर आहे, तिथं काही पडलेलं नाही, बाहेरून उचला. दोन माणसांनी उचललं असतं.”

अधिकाऱ्यानं कप खाली ठेवला. बशीत तो नीट बसेना.

“फोन वाजतोय असं दिसत होतं. आणि टीव्हीत हे मान वळवून कुठंतरी बाजूला बघतात. मी म्हटलं, कळलं, उठतात आता. तर हात केला. असा.” तिनं तळवा जरासा उचलून दाखवला, बोटं सैल, माशी वारावी तसा. “हा हात मला पाठ आहे. टेबलाशी चहा नेला की हाच हात. थांब, वाक्य संपू दे. मग खाली पट्टीवर मोठी मोठी अक्षरं आली, फोन बंद करा, कुणाचंही ऐकू नका. मी वाचली. आणि माझ्या हातातल्या फोनवरच्या रेंजच्या काड्या गेल्या. एक एक करून नाही हो. सगळ्या.”

बाहेर कुणीतरी मोटार सुरू करत होतं, ती घरघरून बंद पडत होती. तो त्या घरघरीला मनात नाव देत होता, बॅटरी, बॅटरी उतरली असावी. थांबता येत नव्हतं त्याला.

“बाईनं मला बघताना बघितलं,” ती म्हणाली, आवाज अजून तसाच, भाजीचा भाव सांगावा तसा. “तिच्या मांडीवर ह्यांचाच कोट, रक्तानं भिजलेला, एक बाही उसवलेली. बोटात अजून शिवताना घालायचं अंगुस्तान. तेच बोट तिनं टीव्हीकडे केलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, ओळखीचे का? मी मान हलवली. नाही म्हटलं. काय सांगणार? बाई, ज्याची बाही शिवतेस तोच हा? मग बरंच बसलो आम्ही. शटर उचललं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, पण तो नुसताच होता.”

अधिकारी उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. “वहिनी, सरांचं म्हणणं…”

“बरोबर होतं,” ती म्हणाली. “ठाऊक आहे मला. जिन्यावरची माणसं वाचली, त्यांनाही घरं असतील, बाया असतील. चूक असतं तर मी भांडले असते भाऊजी. चार दिवस भांडले असते आणि जेवायला वाढलं असतं. हे बरोबर आहे, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.”

जिन्यापर्यंत तो अधिकाऱ्याला पोचवायला गेला. अधिकारी दोन पायऱ्या उतरून थांबला. मान वर करून, अगदी विद्यार्थ्यासारखा, म्हणाला, “सर, बोलू नये आत्ता. पण ते मागच्या शटरचं. आपण फोन बंद करतो आणि पुढून शिरतो. आत जिवंत असलेल्यांना काय ठाऊक आहे ते आपल्यापर्यंत यायला वाटच ठेवलेली नाही. मागची बाजू आधी तपासायची, हे नियमात हवं. तुम्ही एक परिच्छेद लिहून दिलात, वहिनींचा अनुभव धरून, तर नियमावलीची नवी आवृत्ती अडवून ठेवतो मी. कुणाकुणाचे जीव वाचतील सर.” त्याचे डोळे पाणावले होते. खरा माणूस होता.

घरात आला तेव्हा ती कप उचलत होती. त्याच्याकडे पाठ होती.

“जिन्यात काय म्हणत होते?”

त्याला म्हणाली होती. त्यालाच. दुसरं कुणी नव्हतं खोलीत. “काही नाही गं. तुझ्या कानांचं विचारत होते.”

ती वळली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या कानाजवळ बारीक खरचटल्याची खूण होती, ती त्यानं आजच पाहिली. “माझं एक ऐकाल? फार काही मागत नाही. हे लिहू नका. तिचं ते बोट, ते अंगुस्तान, ते माझं आहे. भाऊजींना बोलले ते तुमच्या कानावर पडावं म्हणून. तुम्हाला तोंडानं सांगता येईना, म्हणून त्यांना सांगितलं. ते कागदावर नको. मग बघू या आपण. राहू या का, कसं राहू या. पण ते नको.”

“नाही लिहिणार,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

ती आतल्या खोलीत गेली. तो टेबलाशी बसला, नुसता बसला, कारण बसायला घरात त्याला दुसरी जागा ठाऊक नव्हती. लिहायचं नव्हतंच. फक्त शटरचं. बोट नको, अंगुस्तान नको, बाई नको, फक्त मागची बाजू. पुढं केव्हातरी, कुठल्यातरी बाजारात, कुणीतरी अशीच बसलेली असेल. तिच्यासाठी. तिला मागच्या गल्लीतून माणसं येताना दिसतील आणि आपल्या माणसाला ओळखत नाही असं तिला म्हणावं लागणार नाही. हे काही ते लिहिणं नव्हे. त्यानं लॅपटॉप उघडला. ‘अडकलेल्या व्यक्तींकडे इमारतीच्या मागील बाजूची जी माहिती असते…’ छे. कोरडं. कुणाच्या लक्षात राहणार हे? नवी पोरं वाचताना जांभया देतील. त्यानं खोडलं. एखादं माणूस हवं. त्यानं लिहिलं, ‘माझी पत्नी’, आणि त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. नातं आलं की वाचणारा रडायला लागतो, आणि रडणारा शिकत नाही, हे तो प्रबोधिनीत दर वर्षी सांगायचा. त्यानं ते खोडलं. ‘बाजारात अडकलेली एक महिला.’ हां. आता बोटं चालू लागली. ‘एका महिलेच्या शेजारी दुकानदार स्त्री रक्तस्रावानं मरत होती. दोघींना वाट ठाऊक होती. ती सांगायला जगात कुणी नव्हतं.’

आत कपाटाचं दार उघडलं. बॅग ओढल्याचा आवाज झाला, चाकं फरशीच्या सांध्यांवरून टकटकत गेली. त्याला आवाज ओळखू आला. आवाज ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दाराशी येऊन थांबली होती, तेही त्याला कळलं. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता, म्हणजे तिला अक्षरं दिसत असणार. उठायला हवं होतं. पण पुढचं वाक्य आलं होतं, समोर उभं होतं, आणि असं वाक्य पुन्हा येत नाही. ‘मरणाऱ्या स्त्रीनं अंगुस्तान घातलेलं बोट उचललं’, त्यानं लिहिलं, ‘आणि पडद्यावर सल्ला देत असलेल्या तज्ज्ञाकडे दाखवलं.’

पूर्णविराम देऊन तो वळला तेव्हा दाराच्या चौकटीत कुणी नव्हतं, आणि बाहेरचं दार उघडं होतं. खाली मोटार एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. त्यानं परिच्छेद पुन्हा वाचला. चाळीस वर्षांत इतकं चांगलं त्यानं काही लिहिलं नव्हतं.